वल्द, बेवा, साकिन देह

माझे बाबा 1953 साली मोहगावहून नागपूरला आले, तेव्हा ते परराज्यात आले नव्हते. नागपूर तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं आणि सौंसर तहसील त्याच राज्याच्या छिंदवाडा जिल्ह्यात. सौंसरला छोट्या लाइनच्या गाडीत बसायचं, नागपूरला उतरायचं, एवढाच तो प्रवास. एम्प्रेस मिलमध्ये काम लागलं आणि बाबा राहिले. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्याला जोडले गेले. सौंसर आणि पांढुर्णा मराठी बोलत बोलत मध्य प्रदेशातच राहिले. बाबांनी बिऱ्हाड हलवलं नाही, काकांनी वावर सोडलं नाही, तरी दोघं भाऊ दोन राज्यांचे झाले. घरात ही गोष्ट गमतीनं सांगितली जायची. त्यातली गंमत पुतण्याच्या जात पडताळणीपर्यंत टिकली.

महाराष्ट्रात इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. त्याआधी घराणं कुठं राहत होतं आणि कागदावर कोणत्या जातीचं होतं, ते दाखवायचं, आणि सोबत शपथपत्रावर वंशावळ जोडायची. बाबा ज्या शाळेत शिकले तिथलं जुनं दाखल-खारिज रजिस्टर वाळवीच्या पोटात गेलेलं. मिलच्या हजेरीपत्रकाला जातीशी कर्तव्य नव्हतं. उरली जमीन. मी नुकताच बँकेतून निवृत्त झालो होतो, कागद वाचायची सवय होती, म्हणून हे काम सगळ्यांनी माझ्या गळ्यात टाकलं.

पहिला सल्ला प्रत्येकाकडून एकच मिळाला: जनगणनेत बघा ना, 1931 पर्यंत तर जातीसकट मोजायचे. मोजायचे हे खरं. 26 फेब्रुवारी 1931 च्या रात्री मोहगावच्या घराघरांतून माणसं मोजली गेली असणार, आणि त्यात माझे पणजोबा, त्यांची आई, घरातली दोन-चार पोरं असणारच. पण मोजणीदाराच्या हातातलं नावांचं पत्रक हे बेरीज करण्यापुरतं साधन होतं. त्यावरून चिठ्ठ्या केल्या, चिठ्ठ्यांवरून तक्ते, तक्त्यांवरून छापील अहवाल. नावांची पत्रकं जपायची पद्धतच नव्हती. 1948 च्या जनगणना कायद्यात तर कलम 15 नुसार वैयक्तिक नोंद कुणाला पाहायलाही मिळत नाही, पुरावा म्हणून वापरणं दूरच. विलायतेतले लोक शंभर वर्षांपूर्वीच्या जनगणनेत आजीचं नाव, वय, धंदा, सगळं वाचतात. आपल्याकडे आजी एका रकान्यातल्या बेरजेत असते. 1951 मध्ये मात्र जनगणनेच्याच आधारे गावोगावच्या माणसांची नावनिशीवार नोंदवही केली होती. आसाममुळे तिचं नाव पुढं देशभर गाजलं. आमच्या गावची ती वही मला कुठं सापडली नाही.

मग खसरा. सातबाऱ्यावर वाढलेल्या माणसाला मध्य प्रदेशातल्या कागदांचं जग थोडं परकं वाटतं. इथं शेताची नोंद खसऱ्यात, खातेदाराची बी-1 मध्ये, आणि त्यामागं अधिकार अभिलेख, मिसल बंदोबस्त, निस्तार पत्रक असे एकेक बस्ते. चालू कागद संगणकावर मिळतात, पण तिथंही आधी मोहगाव शोधायला लागतं. मध्य प्रदेशात मोहगाव एक नाही. मंडला जिल्ह्यात तर त्या नावाचा अख्खा विकासखंडच आहे. आमचं मोहगाव म्हणजे सौंसरजवळचं, अर्धनारीश्वराच्या देवळाचं, ज्याला सगळे मोहगाव हवेली म्हणतात ते. पटवारी हलक्याचा नंबर आणि गावाचा बंदोबस्त नंबर एका चिठ्ठीवर लिहून मिळाला, तेव्हा कुठं खरी सुरुवात झाली. 2023 च्या ऑक्टोबरात पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात गेलं. पण आम्हाला हवे ते जुने बस्ते छिंदवाड्यातच होते. म्हणजे सिल्लेवानीचा घाट चढणं आलं.

तिथल्या रेकॉर्ड रूममधले बाबूजी शांत माणूस होते. त्यांनी लाल फडक्यात बांधलेला बस्ता सोडला, धूळ झटकली आणि म्हणाले, “काकाजी, पान पलटताना बोटाला थुंकी लावू नका, बस.” 1954-55 च्या अधिकार अभिलेखात आमचं खातं होतं. देवनागरी अक्षर, शाई तपकिरी झालेली. पणजोबांचं नाव, पुढं वल्द म्हणून त्यांच्या बापाचं, मग ‘कौम कुणबी, साकिन देह’. म्हणजे याच गावचा राहणारा. पुतण्याचं काम या एका ओळीत झालं होतं. नकलेचा अर्ज केला, काही दिवसांनी शिक्का मारलेली प्रत हाती आली, ती पडताळणीत चालली. कुणीही शहाणा माणूस तिथं थांबला असता.

पण माझी नजर त्याच्या शेजारच्या रकान्यावर गेली होती. पणजोबा कोणत्या हक्कानं जमीन कसतात ते तिथं लिहिलेलं. नागपूरच्या बाजूला हे सगळं मालगुजारीचं राज्य. भोसल्यांच्या काळात पटेल गावचा वसूल गोळा करून भरायचा. 1860 च्या दशकातल्या इंग्रजी जमीन-बंदोबस्तात त्यालाच गावाची मालकी मिळाली आणि कसणारे कुळं झाले. जुन्या मिसलीत पणजोबांचे वडील ‘मौरूसी काश्तकार’ आहेत, म्हणजे वारशानं कसायचा हक्क असलेलं कूळ. 31 मार्च 1951 ला मालगुजारी गेली. 1954 च्या कायद्यानं भूमिस्वामी आणि भूमिधारी असे दोन वर्ग केले. त्यात पणजोबा भूमिधारी. 1959 च्या संहितेनं सगळ्यांना भूमिस्वामी म्हटलं, तेव्हा तेही भूमिस्वामी. वावर तेच, बैल तेच, आणि हक्काचं नाव मात्र एका आयुष्यात दोनदा बदललं. त्यांना या बढत्यांचा पत्ता होता की नाही कोण जाणे. घरात आठवण आहे ती एवढीच, की मालगुजाराच्या वाड्यासमोरून जाताना ते पायातल्या वहाणा हातात घ्यायचे आणि नंतर कधीतरी घेईनासे झाले.

शेत तेच आहे हे ओळखणं मात्र सोपं नव्हतं. बंदोबस्त बदलला की खसरा नंबर बदलतात. जुना नंबर नव्याशी जुळवायला नकाशा उघडावा लागला. एका मैलाला सोळा इंच अशा मापाचा, कापडावर चिकटवलेला, घडीच्या जागी विरलेला. काका सोबत होते. त्यांना नंबर वाचता येत नव्हते, चष्मा घरी राहिला होता. त्यांनी नकाशावर तळहात ठेवला, नाल्याची निळी रेघ बोटानं धरली आणि ती जिथं कोयत्यासारखी वळते तिथं थांबले. “हे आपलं नाल्याजोळचं वावर. इथंच बाभूय होती.” नंबर जुळवून पाहिला, बरोबर होता. तिथं आता संत्र्याची झाडं आहेत.

घराणं मात्र त्या जुन्या मिसलीच्या मागं फार दूर जात नाही. आमच्याकडे सांगतात की आपण भोसल्यांच्या फौजेसोबत इकडं आलो. या भागातल्या प्रत्येक कुणब्याच्या घरी हेच सांगतात. एवढे सगळे फौजेत असते तर नांगर कोणी धरला, हा प्रश्न मी काकांना विचारला नाही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे 1916 चे चार खंड उघडले, तर तिरोळे, झाडे, खैरे, धनोजे असे कुणब्यांचे पोटभेद सापडतात, आमच्या आज्याचा आजा सापडत नाही. पहिल्या बंदोबस्ताअलीकडं ज्याच्याकडून सारा घ्यायचा त्याचं नाव लिहिलं गेलं. ज्याच्याकडून काही घ्यायचं नव्हतं त्याचं कशाला लिहायचं?

बायकांचं तर नाहीच. आमच्या सगळ्या जुन्या कागदांत एकच बाई आहे, आणि ती आली तीही नवरा मेला म्हणून.

पणजोबांचे वडील 1918 च्या ऑक्टोबरात गेले. कोतवाराच्या सांगण्यावरून ठाण्यात लिहिली जाणारी जन्म-मृत्यूची पंजी मला त्याच रेकॉर्ड रूममध्ये बघायला मिळाली. ऑक्टोबरपर्यंत पानं सैल आहेत. कुठं साप, कुठं हैजा, कुठं बाळंतीण. मग एकाएकी अक्षर दाटतं, ओळी एकमेकींवर चढतात, आणि कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘बुखार’. इन्फ्लुएंझाच्या त्या साथीत मध्य प्रांत देशातल्या सर्वांत जास्त होरपळलेल्या प्रांतांपैकी होता. कोतवाराला इन्फ्लुएंझा कसा माहीत असणार? त्याला ताप दिसला, त्यानं ताप सांगितला. एका पानावर आमचं नाव आहे, त्याच्या खाली दोन ओळी सोडून त्याच घरातलं एक पोर. पोराचं नाव नाही; ‘अमक्याची मुलगी, उमर दोन साल’ एवढंच.

त्यानंतरच्या कागदात जमीन पणजोबांच्या नावावर आहे, पुढं ‘नाबालिग’, आणि सरपरस्त, म्हणजे पालक, म्हणून ‘मुसम्मात’ अमुक, ‘बेवा’ तमुक, म्हणजे तमुकची विधवा. ती माझी खापरपणजी. तिनं सारा भरला, मालगुजाराशी बोलणी केली, सालदार ठेवला, पोराला मोठं केलं. पोरगा सज्ञान झाला आणि ती कागदातून गेली. मरणाच्या पंजीत ती असेलही, पण तिथं ती कुणाची तरी आई म्हणून असणार, आणि मला ती ओळखता आली नाही.

हे सगळं घेऊन मी काटोलला आत्याकडं गेलो. आत्याबाई नव्वदीच्या आत-बाहेर, कान पक्के. पणजीचं माहेर, तिच्या दोन जावा, सवतीची भानगड, कोणाला दत्तक दिलं, कोण बाळंतपणात गेली, हे तिनं सुपारी कातरत सांगितलं. कागदात तीन पिढ्यांत पाच पुरुष होते. आत्याच्या तोंडून त्याच तीन पिढ्यांत बावीस माणसं निघाली. मी लिहून घेत होतो आणि ती मधेच थांबून विचारायची, “लेवून घेतलं का? वाच बरं.”

मग मी तिला आजोबांच्या फौती फेरफाराची नकल दाखवली. 1956 चा हिंदू वारसा कायदा आल्यानंतरचं हे प्रकरण, त्यामुळं त्यात मुलींची नावं घालावी लागली होती, आणि लगेच पुढच्या परिच्छेदात त्या मुलींनी भावांच्या बाजूनं हक्क सोडल्याचं लिहिलं होतं. खाली निळ्या शाईचे अंगठे. त्यातला एक तिचा. तिनं कागद डोळ्यांजवळ नेला, अंगठा बघितला, स्वतःच्या अंगठ्याकडं बघितलं.

“मले सही येत होती,” ती म्हणाली. “चौथी पास होतो मी. पर त्या मानसानं शाईचा डबाच पुढं केला.”

मी विचारलं, जमीन का सोडली?

“नाही सोडली तं पोयाले मायेरी कोन बोलावते, बाप्पा?”

यावर मी काही बोललो नाही. पोळ्याला दर वर्षी तिला आणायला मीच जात असे, एक साडी घेऊन. वावराच्या भावाशी तिचा हिशेब मांडायची माझी छाती झाली नाही.

पुतण्याच्या शपथपत्रात वंशावळीचा जो नमुना होता त्यात पुरुषांच्याच फांद्या होत्या, तेवढ्याच त्याला लागत होत्या. आत्यानं सांगितलेली माणसं मी वेगळ्या कागदावर मांडली आहेत. काका म्हणतात सवतीचं माहेर तिनं चुकीचं सांगितलं, सावनेरकडचं नव्हे, लोधीखेड्याकडचं. दोघांचं फोनवर भांडण चालू आहे.

हे गावात कळलं तसे लोक येऊ लागले, माझंही बघा म्हणून. त्यात आमच्या जुन्या सालदाराचा नातू आला. गोंड. मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी त्याच्याकडं 1950 च्या आधीचा कागद मागत होते. याच भागातल्या देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंदानं, नागपूर वसवलं. आणि याच्या आज्याच्या नावावर कुठं वाफाभर जमीन नाही, म्हणून तो कोण हे सांगणारा कागद नाही. मी आमचेच जुने खसरे पुन्हा चाळले. शिकमीच्या, म्हणजे पोटकुळाच्या, रकान्यात एका सालात नाल्याजवळचं ते वावर अधियानं, अर्ध्या वाट्यानं, दिल्याची नोंद निघाली. आमच्या पणजोबांच्या नावापुढं बारीक अक्षरात त्याच्या आज्याचं नाव, वल्द सकट, ‘कौम गोंड, साकिन देह’.

त्याला मी सौंसरला नेलं. नकलेच्या अर्जात एक रकाना होता: अर्जदाराचा खातेदाराशी संबंध. तो पेन हातात धरून माझ्याकडं बघत राहिला. मलाही सुचेना. खिडकीतल्या बाबूंना विचारलं, तर त्यांनी चष्म्यावरून दोघांना पाहिलं आणि म्हणाले, “रिकामा सोडा. फी भरून द्या.”

नकल मिळाली आहे. तो कागद चालतो की नाही ते अजून ठरायचं आहे.