लाखोळीची डाळ आणि चेतापेशीचा सांगाडा

आमच्या भंडाऱ्याकडे धान शेतात उभं असतानाच त्याच्या ओलाव्यावर लाखोळीचं बी फेकतात. नांगरट नाही, पाणी नाही, तरी पीक येतं. माझ्या आजोळी एक म्हातारे दोन काठ्यांवर चालत. गुडघे वाकलेले, टाचा अधांतरी, पाय एकमेकांत अडकणारे. लाखोळीनं पाय गेले, एवढंच गावात सांगत. डाळ जाते पोटात, मग पाय कसे जातात, हा प्रश्न मला पडला तो हैदराबादला राहायला आल्यावर.

रविवारी आबिड्सची दुकानं बंद असतात आणि त्यांच्यासमोर फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग लागतात. तिथं मज्जासंस्थेच्या रोगांवरचं एक जाड इंग्रजी पुस्तक दिसलं. "ये डाक्टरां की किताब है, आप क्या करते?" विक्रेत्यानं विचारलं. मी वाणिज्य शाखेची, उत्तर काय देणार? पण सूचीत 'लॅथिरिझम' हा शब्द होता आणि पुढे लाखोळीचं शास्त्रीय नाव, लॅथिरस सटायव्हस. पुस्तक घेतलं. घरी येऊन स्नायूंच्या विकारांचं प्रकरण उघडलं, तर तिथं या रोगाचं नावसुद्धा नव्हतं.

शेजारी जीवरसायनशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. पुस्तक घेऊन त्यांच्याकडे गेले. "अगं, पायांचे स्नायू मुळात चांगलेच असतात," काका म्हणाले. "त्यांना हुकूम पोचवणारी पेशी बिघडते." ही चेतापेशी असते मेंदूत. तिचं मुख्य अंग फार तर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं, पण तिच्यातून निघणारा अक्षतंतू पाठीच्या कण्यातून कमरेपर्यंत उतरतो, सुमारे अर्धा मीटर. लाखोळीच्या रोगात हे सर्वांत लांब तंतूच आधी जातात. स्मरणशक्ती, बुद्धी, स्पर्श बहुतेक शाबूत राहतात. त्या म्हाताऱ्यांना अख्ख्या गावाचे हिशोब तोंडपाठ का होते, ते मला तेव्हा समजलं.

एवढा बारीक तंतू इतका लांब टिकतो कशावर? आत प्रथिनांचा सांगाडा असतो. 25 नॅनोमीटर जाडीच्या सूक्ष्मनलिका आणि त्यांच्याभोवती 10 नॅनोमीटरचे चेतातंतुक. नलिका म्हणजे रेल्वेचे रूळ समजायचे; त्यांवरून मालाची ने-आण होते, आणि टाऊ नावाचं प्रथिन ते रूळ स्थिर ठेवतं. पण हे रूळ ज्या प्रथिनांचे बनतात, ती जवळजवळ सगळी मेंदूतल्या मुख्य अंगातच तयार होतात आणि दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वेगानं खाली सरकतात. मी वहीत भागाकार केला: अर्ध्या मीटरला 500 दिवस. टोकाशी मोडलेलं दुरुस्त करायला वरून माल यायला सव्वा वर्षाहून जास्त काळ लागतो. या आकड्यापाशी मी बराच वेळ थांबले.

मग मोडतं कोण? लाखोळीत ओडॅप नावाचं एक अमिनो आम्ल असतं. ते 1964 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. एल. एन. राव, अडिगा आणि शर्मा यांनी वेगळं काढलं. हेच राव पुढे इथल्या उस्मानिया विद्यापीठात शिकवायला होते. ओडॅपचं रूप ग्लुटामेटसारखं असतं. ग्लुटामेट चेतापेशीला उत्तेजन देतं, त्याच्या जागी ओडॅप बसलं की उत्तेजन थांबत नाही. पेशीत कॅल्शियम भरत जातं. तंतुकणिका थकतात, घातक ऑक्सिजन-रेणू वाढतात. जादा कॅल्शियमनं कॅल्पेन हे विकर जागं होतं, आणि ते सांगाड्याचीच प्रथिनं कापतं. काकांनी 'पेशीवरचा ताण' म्हटलं तेव्हा मला मनाचा ताण वाटला होता. हा ताण म्हणजे कात्री चालवणारं रसायन.

अल्झायमरमध्येही सांगाडाच ढासळतो. 1906 मध्ये आलोइस अल्झायमर यांनी मेंदूत पाहिलेल्या गाठी मुख्यतः टाऊच्या आहेत, हे 1980च्या दशकात कळलं. टाऊवर जादा फॉस्फेट चढतं, ते नलिकांवरून सुटतं आणि गुंतत जातं. फरक एवढाच की अल्झायमर वाढत जातो. लाखोळीचा लंगडेपणा बहुधा एका टप्प्यावर थांबतो, पण परतत नाही.

वाचताना मला राग आला तो इथं. अधूनमधून लाखोळी खाणाऱ्याला सहसा काही होत नाही. महिनोन् महिने तीच मुख्य अन्न झाली की पाय जातात. या डाळीत गंधकयुक्त अमिनो आम्लं कमी असतात. ऑक्सिजनच्या माऱ्यापासून वाचवणारं ग्लुटाथायोन त्यांतल्याच सिस्टीनपासून बनतं. म्हणजे ताटात दुसरं काही नसलेल्या माणसाला विषही मिळतं आणि बचावही मिळत नाही. 1830च्या दशकात सागर भागात गहू बुडाला तेव्हा हेच घडलं. रेवा भागात वेठबिगारांना मजुरी म्हणून हेच धान्य देत. दुसऱ्या महायुद्धात वाप्नियार्काच्या छावणीत ज्यू कैद्यांना हेच खायला घातलं. हा रोग डाळीचा जितका, तितकाच उपासमारीचा आहे, असं माझं ठाम मत झालं.

आपल्या तार्नाक्याच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं या रोगावर बरंच काम केलंय. घरात लाखोळी शिजत असेल तर ती गरम पाण्यात भिजवा, ते पाणी फेकून द्या, मग शिजवा. बरंचसं ओडॅप पाण्याबरोबर जातं. सोबत भात, ज्वारी, दुसऱ्या डाळी असू द्या. आणि कुणाच्या पायांत ताठरपणा आला, चालणं अडखळू लागलं, तर लाखोळी त्याच दिवशी बंद करून मज्जाविकारतज्ज्ञाकडे न्या. मोडलेला सांगाडा पुन्हा उभा करणारं औषध अजून नाही.