आधी कड बघा

वाघोलीत त्वचारोगाचा दवाखाना म्हटला की दगडखाणीवरचे, क्रशरवरचे, बांधकामावरचे लोक येणारच. कुणाचे हात सिमेंटनं फुटलेले, कुणाच्या जांघा घामानं खाजवून लाल झालेल्या. तक्रार मात्र एकच, "चट्टा उठलाय."

केसपेपरवर मी आजाराचं नाव आधी लिहीत नाही. चट्टा केवढा, गोल की वेडावाकडा, सपाट की उंच, ते लिहितो. मग डोळे मिटून कडेवरून बोट फिरवतो. तो कुठे संपतो, हे बोटाला कळतं का?

सोरायसिसचा कळतो. कात्रीनं कापल्यासारखी कड, वर चंदेरी खपली. इसबाला अशी कड नसते, तो आजूबाजूच्या कातडीत विरत जातो. गजकर्णाची कड उंच, कोंडा धरलेली. तपासणीसाठी कोंडा तिथलाच खरवडायचा, कारण बुरशी कडेवर जोरात असते. वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली, तरी जुने शेतकरी बांधाच्याच भाषेत बोलतात. एक आजोबा म्हणाले, "आतलं निवळलंय, पण बांध सरकतोय." माझ्या चार ओळी त्यांनी एकात उरकल्या.

कुष्ठरोगात तर कडेवरून रोगाचा प्रकार ओळखता येतो. प्रतिकारशक्ती चांगली असेल तर चट्टे मोजके, कड ठळक. ती कमी पडली की चट्टे पुष्कळ आणि कडा धूसर.

एकदा मी फसलो. सेंट्रिंगचं काम करणाऱ्या एका मुलाच्या कमरेवर लाल, विस्कटलेला चट्टा होता. कड सापडेना, म्हणून 'इसब' लिहून स्टेरॉइडचं मलम दिलं. तीन आठवड्यांनी तो दुप्पट चट्टा घेऊन आला. तेव्हा कुठे विचारलं, आधी काय लावत होतास? त्यानं खिशातून चेपलेली ट्यूब काढली. तिच्यातही स्टेरॉइडच. होतं गजकर्ण, त्याची कड त्या ट्यूबनं पुसली होती आणि उरलीसुरली मी. असं वेष पालटलेलं गजकर्ण १९६८ सालीच 'टिनिया इनकॉग्निटो' या नावानं नोंदलं गेलंय. मला ते पाठ होतं. विचारायचं तेवढं राहिलं होतं.

तेव्हा मेडिकलमधून परस्पर ट्यूब आणू नका. आणलीच असेल, तर डॉक्टरांकडे जाताना ती खिशात ठेवा. आणि चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, तर थेट सरकारी दवाखाना गाठा. कुष्ठरोगाचं औषध तिथे फुकट मिळतं आणि त्यानं रोग बरा होतो.