धर्माची गाय आणि तिचे दात

फुकट मिळालेल्या वस्तूत खोट काढू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. 'धर्माची गाय आणि दात का नाय' ही म्हण त्याच संकेताचे खोचक रूप. मराठीचा अध्यापक म्हणून ही म्हण मी कैकदा समजावून सांगितली असेल. ती पुरेशी खरी नाही हे मात्र मला साहित्याने शिकवले नाही. ते शिकवले संगणकावर विमानाचे उपकरणफलक काढण्याच्या, सहकाऱ्यांना काहीशा पोरकट वाटणाऱ्या, माझ्या छंदाने.

या छंदाविषयी थोडे सांगायला हवे. संगणकावर विमान उडवण्याचा आभास निर्माण करणारी प्रणाली, म्हणजे फ्लाइट सिम्युलेटर, ब्रूस आर्टविक यांनी १९७९ साली घरगुती संगणकांसाठी आणली आणि १९८२पासून ती मायक्रोसॉफ्टच्या नावाने निघू लागली. माझ्या हाती तिची २००३ची आवृत्ती आली. या प्रणालीचे वैशिष्ट्य असे की तिच्यात कुणालाही भर घालता येत असे. वैमानिकासमोर असणारा तबकड्यांचा फलक जगभरचे हौशी लोक स्वतः काढत आणि महाजालावर विनामूल्य ठेवत. सोबत एक छोटे टिपण असे: चित्र कुणाचे, तबकड्या कुणाच्या, कुणाची परवानगी घेतली, आणि याची विक्री करू नये ही विनंती. आपल्या जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक जे चार शब्द लिहीत असे, त्याची मला ही टिपणे वाचताना आठवण होई.

माझ्याजवळ काढण्याजोगे एकच विमान होते, आणि तेही एका छायाचित्रात. माझा मामा १९६४च्या सुमारास एका फ्लाइंग क्लबात 'पुष्पक' विमानावर उड्डाण शिकत होता. तासाचे शुल्क परवडेना, तेव्हा शिक्षण अर्धवट टाकून तो बँकेत चिकटला. त्या दिवसांची एकच खूण उरली होती: विमानाच्या आतून घेतलेले, कोपरा दुमडलेले कृष्णधवल छायाचित्र. पुष्पक हे बंगलोरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टचे दोन आसनी, पंख डोक्यावर असलेले हलके विमान. त्याचे पहिले उड्डाण १९५८ सालचे. त्याच्या आराखड्यामागे होते कोल्हापूरकडचे, जर्मनीत गटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेले डॉ. विष्णू माधव घाटगे. इतक्या जवळचे विमान, आणि त्याचा फलक कुणीच काढलेला मला आढळला नाही. तेव्हा आपणच काढावा असे ठरवले.

तो काढताना कळले की हे चित्र काढणे नव्हे, हे संहिता सिद्ध करणे आहे. वेगमापकाच्या तबकडीवर अंकांमधली अंतरे सारखी नसतात. कोणत्या वेगाला काटा कुठे यावा हे एकेक बिंदू मोजून लिहावे लागते. काटे फिरवणारी सूत्रे मोठी गमतीची. त्यांत 'दोन अधिक तीन' असे लिहीत नाहीत. 'दोन, तीन, बेरीज' असे लिहितात. क्रियापद शेवटी! या एका बाबतीत तरी यंत्र मराठी वळणाने विचार करते, याचा मला उगाच आनंद झाला. दुसरा नियम अधिक विलक्षण होता. फलकाच्या चित्रात निखळ काळा रंग वापरला की तो भाग पारदर्शक होतो आणि त्यातून बाहेरचे आकाश दिसते. ज्याला काळेच दिसायचे आहे, त्याला निखळ काळ्याहून किंचित उजळ रंग द्यावा लागतो. म्हणजे खिडकी काढायची तर काळोख भरायचा.

फलक पूर्ण होत आला तेव्हा तो मला दरिद्री वाटू लागला. छायाचित्रात वेग, उंची, इंजिनाचे फेरे, तेलाचा दाब आणि तापमान, होकायंत्र, वळण दाखवणारा काटा एवढेच होते. मधे एक जागा मोकळी होती. तिथे मी कृत्रिम क्षितिज बसवले. विमान कलले किती, नाक वर की खाली हे दाखवणारी, अर्धी निळी, अर्धी तपकिरी अशी ती देखणी तबकडी दुसऱ्या एका हौशी कलावंताने मोफत दिलेली होती. त्याची परवानगी घेतली, टिपणात त्याचे नावही लिहिले. कर्ज प्रामाणिकपणे नोंदवले. खोटेपणा मात्र नोंदवला नाही.

मामाला घरी बोलावून फलक दाखवला. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "छान जमलंय." फलक महाजालावर ठेवल्यावर अनोळखी लोकांनीही आभार मानले. सगळे काही गोड चालले होते. मग इंदूरच्या एका निवृत्त उड्डाणशिक्षकांचे पत्र आले. त्यांनी आधी माझ्या मेहनतीचा उल्लेख केला होता. मग लिहिले होते: आम्ही ज्या पुष्पकांवर शिकवले त्यांत कृत्रिम क्षितिज नव्हते. नवा मुलगा तबकड्यांकडे फार पाहू लागला तर आम्ही त्याला मान वर करायला लावत असू. क्षितिज बाहेर असते.

पहिली प्रतिक्रिया रागाची झाली, हे कबूल करतो. मी काय पैसे घेतले होते? धर्माची गाय दिली, तर हे गृहस्थ दात मोजत बसले! पण पत्रातले शेवटचे वाक्य डोक्यातून जाईना, आणि त्याचा माग काढताना मी १ जानेवारी १९७८च्या रात्रीपाशी पोहोचलो. त्या रात्री एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे जम्बो जेट सांताक्रूझहून दुबईकडे निघाले आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. २१३ माणसे गेली. कॅप्टनसमोरचे क्षितिज दाखवणारे उपकरण बिघडले होते. विमान उजवीकडे कलले आहे असे ते दाखवत राहिले, आणि कॅप्टन ते डावीकडे नेत राहिले. समोर अंधारा समुद्र. बाहेरचे क्षितिज दिसत नव्हते आणि आतले खोटे होते.

माझ्या फलकाने कुणाचा जीव जाणार नव्हता, हे मला समजत होते. पण तबकडी ही शोभेची वस्तू आहे असे ज्याला वाटले, त्याला तबकडी म्हणजे काय हेच कळले नव्हते. तबकडी हे एक विधान असते. मी मोकळ्या जागेच्या भयाने एक खोटे विधान केले होते. संपादनात याला प्रक्षेप म्हणतात, आणि विद्यार्थ्यांच्या निबंधांत मी त्याखाली तांबडी रेघ ओढतो.

मामाला विचारले, "तुमच्या विमानात ही तबकडी होती?"

"नव्हती."

"मग बोलला का नाहीस?"

"तू एवढ्या हौसेनं काढलेलंस," तो म्हणाला. "आणि फुकट वाटत होतास. त्यात काय काढायची खोड?"

मामाच्या त्या प्रेमाविषयी मला शंका नाही. तरीही त्या दोघांपैकी माझ्या कामाला गंभीरपणे कुणी घेतले, याचे उत्तर अवघड आहे आणि स्पष्टही आहे. विकलेल्या वस्तूचा दोष गिऱ्हाईक हक्काने सांगते, कारण पैसे त्याचे असतात. मोफत दिलेल्या वस्तूला ते संरक्षण नसते. तिच्याभोवती कृतज्ञतेचे मऊ आवरण असते आणि त्याच्या आड ती कायमची चुकीची राहू शकते. आपल्या हौशी अनियतकालिकांचे, मित्रांच्या कवितासंग्रहांचे पुष्कळदा हेच होते. 'पदरमोड करून काढलेय, त्यावर काय लिहायचे?' असे म्हणून आपण गप्प बसतो आणि त्या गप्प बसण्याला सौजन्य समजतो. खरे तर फुकटच्या वस्तूला एकच मोल मिळू शकते: कुणी तरी ती नीट वाचणे.

मी दुसरी आवृत्ती काढली. कृत्रिम क्षितिज उडवले, त्याजागी छायाचित्रातली साधी पत्र्याची मोकळी जागा ठेवली. फलकाची वरची कडही छायाचित्रात होती तितकी खाली आणली. टिपणात चूक, ती दाखवणाऱ्यांचे त्यांच्या परवानगीने नाव, आणि आभार, असे सारे लिहिले. पहिल्या आवृत्तीपेक्षा ती फारच कमी लोकांनी उतरवून घेतली.

आता अशा सपाट फलकांचे दिवस सरले आहेत. २०२०च्या नव्या सिम्युलेटरमध्ये त्यांना जागा नाही. मामाही २०१६ साली गेला. पण दुसरी आवृत्ती दाखवली तेव्हाचा तो मला आठवतो. त्याने मोकळ्या पत्र्याकडे पाहिले, काही बोलला नाही. मग खुर्ची पुढे ओढली आणि तबकड्यांच्या वरच्या भागाकडे, जिथे मी निखळ काळा रंग भरला होता, तिथे मान वर करून पाहू लागला.