ओळ तुटते कुठे?

वेब सर्व्हर आणि ब्राउझर यांचं बोलणं ओळीओळीने चालतं. आधी हेडर येतात: पान कुठल्या प्रकारचं, कुकी कोणती, पुढे कुठल्या पत्त्यावर जायचं. प्रत्येक ओळ न दिसणाऱ्या दोन चिन्हांनी संपते. ॲस्कीत त्यांचे क्रमांक 13 आणि 10. एक टेलिप्रिंटरला ओळीच्या सुरुवातीला परत नेणारं, दुसरं कागद पुढे सरकवणारं. टेलिप्रिंटर गेले, चिन्हं राहिली. रिकामी ओळ आली की हेडर संपले, त्यापुढचं सगळं पानाचं. सर्व्हरची सुरक्षा तपासताना माझं सर्वात जास्त लक्ष या जोडीवर असतं.

एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये एचटीटीपीवरून एचटीटीपीएसकडे वळवण्यासाठी सर्रास एक ओळ लिहिली जाते: 'रिटर्न 301', मग साइटचा पत्ता आणि त्याला जोडून 'डॉलर यूआरआय'. दिसायला निर्दोष! पण या व्हेरिएबलमध्ये पत्ता सांकेतिक रूपात राहत नाही, उलगडलेला असतो. कुणी लिंकमध्ये टक्का-शून्य-डी, टक्का-शून्य-ए, म्हणजे हीच दोन चिन्हं सांकेतिक रूपात, घुसवली, तर उत्तरातल्या 'लोकेशन' हेडरमध्ये ओळ खरोखर तुटते. त्यापुढे हल्लेखोराने 'सेट-कुकी' लिहिलं असेल, तर ती कुकी सर्व्हरनेच दिली असं ब्राउझर मानतो. ओळ लागोपाठ दोनदा तोडली, की अख्खं पानच त्याच्या मनासारखं. 'डॉलर रिक्वेस्ट यूआरआय' वापरलं तर पत्ता आला तसाच, न उलगडता जातो. फरक एका शब्दाचा.

मधे उत्तरं साठवून पुन्हा देणारी कॅश असेल तर प्रकरण आणखी चिघळतं. एका विनंतीची दोन उत्तरं करून खोटं उत्तर कॅशमध्ये कसं बसवता येतं, हे अमित क्लाइन यांनी 2004 मध्येच मांडलं होतं. मग ती लिंक न उघडणाऱ्यांनाही तेच पान मिळतं.

याचा दोष साइट बनवणाऱ्याच्या माथी मारणं मला पटत नाही. येणारा मजकूर कितीही गाळला, तरी पुढे तो कुठे उलगडेल याचा नेम नसतो. पहारा हवा तो हेडर बाहेर पडतो त्या दारावर. पीएचपीने 2006 मध्ये तेच केलं: 'हेडर' फंक्शनच्या एका हाकेत एकच हेडर. अपाची सर्व्हरच्या मॉड-यूजरडिर या मॉड्यूलमध्ये अशीच फट होती. डिसेंबर 2016 च्या 2.4.25 आवृत्तीत ती बुजवताना बाहेर जाणाऱ्या कुठल्याही हेडरमध्ये ही चिन्हं शिरणार नाहीत, असा बंदोबस्त झाला. त्याच आवृत्तीत येणाऱ्या विनंत्यांचे नियमही कडक झाले. काही जुने क्लायंट त्यामुळे अडणार होते, तरीही निर्णय योग्यच होता.

एचटीटीपी/2 मध्ये हेडरची लांबी आधीच सांगितलेली असते, त्यामुळे तिथे ओळ तुटण्याला अर्थच नाही. पण पुढचा सर्व्हर तीच विनंती मागच्या सर्व्हरला एचटीटीपी/1.1 मध्ये लिहून देतो, तेव्हा ही दोन चिन्हं पुन्हा जिवंत होतात. जेम्स केटल यांनी 2021 मध्ये याचे हल्ले करून दाखवले. म्हणून मागचा सर्व्हर कुठली आवृत्ती बोलतो, हे विचारल्याशिवाय मी तपासणीला हात घालत नाही.