जनीन, भ्रूण आणि शेंगदाणा

विज्ञानाचे सर रजेवर असले की दहावीचा ऑफ तास माझ्याकडे येतो. मी उर्दू-मराठी शिकवणारा माणूस, त्यामुळे सुरुवात शब्दापासून. मराठीत भ्रूण, उर्दूत जनीन. अरबीत याच्या मुळाशी 'झाकलेलं, लपलेलं' असा अर्थ आहे. जन्नत आणि जिन हे शब्दही त्याच धातूतले. जिनचं नाव निघालं की मागचे बाकही जागे होतात.

मग खिशातले शेंगदाणे. दाणा फोडला की एका टोकाला बारीकशी चोच दिसते. पुढच्या मुळाची आणि खोडाची ती सुरुवात. दोन्ही जाड दलं म्हणजे त्याच रोपाची पहिली पानं. लपलेला जनीन तो हाच.

तो एकटा मात्र जन्मत नाही. परागनलिकेतून दोन पुंयुग्मक आत येतात. एक अंडपेशीला मिळतो, त्याचा भ्रूण होतो. दुसरा मधल्या दोन केंद्रकांना मिळतो, त्याचा भ्रूणपोष होतो. सर्गेई नवाशिन यांनी हे 1898 मध्ये लिलीत पाहिलं. म्हणजे दोघं सख्खी भावंडंच. उलट भ्रूणपोषात आईचा वाटा दुप्पट. पण झाड एकाचंच होतं, दुसरं त्याला खाऊ घालतं. आपण खातो तो मैदा म्हणजे गव्हाचा भ्रूणपोष. शहाळ्याचं पाणीही तेच आणि खोबरंही तेच. शेंगदाण्यात मात्र शोधून सापडत नाही, कारण दाणा पिकायच्या आत भ्रूणानं तो संपवलेला असतो.

इथं मी दर वेळी थोडा थांबतो. माझी आपा सातवीनंतर घरी बसली. आम्हा भावांची फी तिच्या शिलाई मशीनवर निघाली, माझं बीएडसुद्धा. लोक अशा वेळी त्याग हा शब्द वापरतात, मला तो पटत नाही. भ्रूणपोषाला निवड नसते. आपाला असायला हवी होती, तिला कुणी विचारलंच नाही.

परवा एका मुलीनं विचारलं, "सर, दोघं सारखेच, तर झाड कुणी व्हायचं हे ठरतं कशावरून?" म्हटलं, अंडपेशी कुणाला मिळाली त्यावरून. तिनं वहीत लिहून घेतलं. दहावीनंतर हिला घरीच ठेवणार, असं तिचे अब्बा शाळेत सांगून गेलेत. रविवारी त्यांच्याकडे जायचं ठरवलंय. आपाही येते म्हणाली.