सोंग पाहणारे

मुलगा दिवाणखान्यात येतो. ग्रामोफोनवर गाणं लावतो, मेणबत्त्या पेटवतो. कॅमेरा बराच वेळ त्याच्या पायांपाशीच घोटाळत राहतो, चेहरा काही दाखवत नाही. मग ते पाय वर चढतात आणि हवेत लोंबकळू लागतात. त्याच वेळी त्याची आई आत येते. गळफास घेतलेल्या मुलाकडे पाहते, खुर्चीत बसते, फोन उचलते आणि कुणाशी तरी आपल्या कामाचं बोलू लागते. जाताना त्याला सांगते, जेवण आठ वाजता आहे.

हॅल अ‍ॅश्बी यांच्या ‘हॅरल्ड अँड मॉड’ची ही सुरुवात. इथे प्रेक्षक काय करतात, हे मी पडद्याइतकंच लक्ष देऊन पाहत आले आहे. मित्रमैत्रिणींबरोबर, घरच्यांबरोबर, कधी तरुण मुलामुलींच्या घोळक्यात बसून. पहिलं हसू नेहमी उशिरा येतं. आई फोन उचलते तेव्हा कुणी हसत नाही. आठ वाजताच्या जेवणाचा विषय निघतो तेव्हा कुठे एखादा घसा मोकळा होतो, आणि त्याच्या आधारानं बाकीचे हसतात. तोवर प्रत्येकानं शेजारच्याच्या चेहऱ्याकडे एकदा पाहून घेतलेलं असतं. मरणावर हसायची आपल्याला सवय नाही असं नव्हे. तेराव्याच्या पंगतीत, लाडू वाढता वाढता, गेलेल्या माणसाच्या लकबी सांगून पोट दुखेपर्यंत हसणारी घरं मला माहीत आहेत. पण तिथे रडणं आधी होऊन गेलेलं असतं. इथे अजून कुणी रडलेलंच नाही, आणि हसू मात्र मागितलं जातं. माणूस अडखळतो ते इथे.

१९७१ मध्ये अमेरिकेतले प्रेक्षकही असेच अडखळले. २० डिसेंबरला, ऐन ख्रिसमसच्या तोंडावर, पॅरामाउंटनं हा सिनेमा थिएटरांत आणला. सणासुदीला घराबाहेर पडलेल्या कुटुंबांसमोर काय आलं? आत्महत्येची सोंगं करणारा, अनोळखी लोकांच्या अंत्ययात्रांना हौसेनं जाणारा, शववाहिका हीच आपली मोटार म्हणून चालवणारा विशीतला हॅरल्ड, आणि ऐंशीला टेकलेली मॉड. दोघांची गाठ पडते तीही अंत्यविधीच्या वेळी, चर्चमध्ये. ‘व्हरायटी’नं लिहिलं की जळत्या अनाथाश्रमात जितकी मौज असेल तितकीच इथे आहे. रॉजर ईबर्ट यांनी चारांपैकी दीड तारा दिला. थोड्याच दिवसांत सिनेमा बहुतेक ठिकाणांहून उतरला.

त्या समीक्षकांना मी निष्ठुर म्हणणार नाही. व्हिएतनाममधून शवपेट्या येत होत्या आणि त्यांतली कितीतरी मुलं हॅरल्डच्याच वयाची होती. मरणाशी खेळणारा श्रीमंताघरचा पोरगा पाहून एखाद्याच्या मस्तकात तिडीक गेली असेल, तर ते मला कळतं. तरी वाटतं की त्यांनी सोंग पाहिलं आणि ते कुणासाठी चाललं आहे ते पाहायचं राहून गेलं. हॅरल्ड एकटा असताना कधीच मरत नाही. त्याला पाहणारं माणूस लागतं. या सिनेमाबद्दल मला जे वाटतं त्याचा गाभा हाच आहे. ही गोष्ट मरणाची नाही, कुणीतरी आपल्याकडे नीट पाहावं म्हणून आसुसलेल्या माणसाची आहे. त्यामुळे प्रेक्षक काय करतो हा प्रश्न सिनेमा संपल्यावरचा उरत नाही, तो सिनेमाच्या आतच बसलेला आहे. पहिली प्रेक्षक हॅरल्डची आई. ती सगळं पाहते आणि तिला काही दिसत नाही.

आईनं संगणकावरून स्थळं शोधणाऱ्या संस्थेचा फॉर्म मागवलेला असतो. ती मुलासमोर बसून एकेक प्रश्न मोठ्यानं वाचते आणि हॅरल्डनं तोंड उघडायच्या आत उत्तरही स्वतःच लिहिते. हळूहळू ती आपलीच मतं, आपल्याच आवडीनिवडी लिहू लागते. हॅरल्ड समोर बसून पिस्तुलात गोळ्या भरत असतो. शेवटी बार उडतो आणि तो खुर्चीसकट कोसळतो, तर ती त्याला दटावते आणि पुढच्या प्रश्नाकडे वळते. आपल्याकडे या प्रसंगाला सर्वांत मोठं हसू येतं, आणि ते येतं लग्नाच्या वयाच्या मुलामुलींकडून. वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्मवर ‘स्वभाव’ आणि ‘अपेक्षा’ या रकान्यांत आईवडिलांच्या अक्षरात काय काय लिहिलं जातं, ते त्यांनी पाहिलेलं असतं. हॅरल्डचं मरण खोटं आहे, पण त्या कागदावरून तो पुसला गेलेला आहे, आणि ते खरं आहे. हसणाऱ्या पोरांना ते आधी कळतं. आईवडिलांना ते कळायला वेळ लागतो.

मग स्थळं येतात. पहिल्या मुलीसमोर तो अंगणात स्वतःला पेटवून घेतो. ती किंचाळत पळून जाते, आई संतापून उभी राहते, आणि हॅरल्ड हळूच मान वळवून थेट कॅमेऱ्याकडे पाहतो. ओठांच्या कोपऱ्यात एक बारीकसं हसू. बड कोर्ट या अभिनेत्याची ती क्षणभराची नजर मला फार मोलाची वाटते. घरात कुणी साक्षीदार नाही, म्हणून त्यानं पडद्यापलीकडे बसलेल्या आपल्याला साक्षीला घेतलेलं असतं. तिसरी मुलगी नाटकात काम करणारी. हॅरल्ड तिच्यासमोर पोटात सुरा खुपसून घेतो आणि ती भारावून जाते! एका कलावंतानं दुसऱ्याला द्यावी तशी दाद देते, सुरा उचलून घेते आणि ज्युलिएटचं मरण तिथल्या तिथे करून दाखवते. हॅरल्ड चक्रावतो. सोंग ओळखलं गेलं, त्याला टाळीही मिळाली, आणि तरी त्याला हवं होतं ते मिळालं नाही.

हे सोंग कुठून आलं ते तो मॉडला सांगतो. सबंध सिनेमात त्याचा चेहरा पहिल्यांदा ओला होतो तो इथे. शाळेच्या प्रयोगशाळेत त्याच्या हातून स्फोट झाला होता. घाबरून तो घरी आला, मागच्या जिन्यानं वर गेला. खाली पाहुणे जमलेले. पोलीस आले आणि त्यांनी आईला सांगितलं की तुमचा मुलगा आगीत गेला. आईनं एक हात कपाळाला लावला, दुसरा पसरला आणि ती पोलिसांच्या हातांत कोसळली. वरून पाहणाऱ्या मुलानं तेव्हा ठरवलं की आपल्याला मेलेलं असणं आवडतं. हे सांगताना तो हसायला लागतो आणि ते हसू सांगता सांगता रडण्यात बुडतं. तोवरचे सगळे गळफास, सगळं रक्त, सगळे बार एकदम उलटे फिरून समोर येतात.

माझ्या मावशीनं हा सिनेमा माझ्या शेजारी बसून पाहिला. खालच्या ओळी वाचण्यासाठी चष्मा लावून, अगदी पुढे सरकून. या प्रसंगानंतर आम्हा सगळ्यांचं मन हॅरल्डकडे ओढलं गेलं होतं. मावशीचं गेलं आईकडे. ती म्हणाली, “अगं, ती बाई त्या दिवशी एकदा मेली की! आता रोज रोज कशी मरेल?”

त्यानंतर त्या आईवर मला पूर्वीसारखं मोकळं हसता आलेलं नाही. अ‍ॅश्बींचा सिनेमा तिला मावशीनं दिली ती सूट देत नाही. व्हिव्हियन पिकल्स यांनी ती इतकी रेखीव, इतकी थंड उभी केली आहे की तिच्या आत काही असेल अशी शंकाही येऊ नये. तिचं कोसळणंसुद्धा आपल्याला मुलाच्या तोंडून कळतं, आणि त्यात तिच्या हातांची ठेवण नाटकातल्यासारखी आहे. ते खरं होतं की पाहुण्यांसमोरचं होतं, हे हॅरल्डला ठाऊक नाही, आपल्यालाही नाही. सिनेमानं तिच्यावर अन्याय केला आहे, असं मला वाटतं. त्याच्यावरचं माझं प्रेम त्यानं कमी होत नाही. एका बाईनं पडद्यावरच्या दुसऱ्या बाईची बाजू घेतली, दिग्दर्शकानं मोकळी सोडलेली जागा भरून काढली, आणि तेवढ्यापुरता तो सिनेमा वाढला.

आता मॉड. रूथ गॉर्डन यांचा जन्म १८९६ चा, म्हणजे ही भूमिका करताना त्या पंचाहत्तरीच्या घरात होत्या. मॉड दुसऱ्यांच्या मोटारी बिनदिक्कत घेऊन जाते, शहरातल्या धुरात गुदमरणारं झाड उपटून जंगलात लावायला नेते, पोलिसाला झुकांडी देते. पुष्कळांना ती एवढीच आठवते, मिश्कील आणि विक्षिप्त आजी. पण एका संध्याकाळी दोघं पाण्याकाठी बसलेली असताना हॅरल्ड तिचा हात हातात घेतो आणि तिच्या दंडाखाली, मनगटाच्या वर, गोंदलेला आकडा दिसतो. छळछावणीतला कैद्याचा क्रमांक. एक-दोन सेकंद, बस्स. कुणी काही बोलत नाही. मॉड पक्ष्यांकडे बोट दाखवते आणि सिनेमा पुढे जातो.

सिनेमा संपल्यावर गप्पा सुरू होतात तेव्हा खोलीचे इथे दोन भाग पडतात. कुणीतरी तो आकडा काढतं आणि निम्मे लोक विचारतात, “कुठला आकडा?” मग तेवढा भाग पुन्हा लावला जातो. मी तेव्हा पाहणाऱ्यांचे चेहरे पाहते. हसून सैल झालेले चेहरे गोळा होत जातात, कारण प्रत्येक जण मनातल्या मनात मागे चाललेला असतो. तिच्या घरातल्या त्या रिकाम्या तसबिरी. फोटो तिनं काढून टाकले आहेत, कारण त्यांतल्या माणसांवर तिचं प्रेम होतं आणि फोटो तिला वाकुल्या दाखवायचे. तिचं व्हिएन्ना, राजवाड्यातले नाच, डॉक्टर नवरा. मोर्चांमध्ये स्वतःला वाचवायला बाळगलेली छत्री. हे सगळं तिनं हसत हसत, अर्धवट सांगितलेलं असतं आणि आपण ते विनोदाच्या भरात ऐकून सोडून दिलेलं असतं. जिचं नाव काढून घेऊन जिला आकडा दिला गेला, ती बाई कोणाची मोटार कोणाची हे मानत नाही, वर्दीला घाबरत नाही, आणि ऐंशीव्या वाढदिवशी आपण जायचं हे स्वतः ठरवते. मरणाचा दिवस निवडण्याचा तिचा हट्ट मला मान्य करायला जड जातो. पण तो कुठून आला ते त्या दोन सेकंदांत कळतं.

अ‍ॅश्बी मुळात संकलक. ‘इन द हीट ऑफ द नाइट’च्या संकलनासाठी त्यांना ऑस्कर मिळालेलं. कुठलं दृश्य किती ताणायचं आणि कुठे कापायचं हे त्यांच्या हातात मुरलेलं होतं. तो आकडा त्यांनी आणखी थोडा रेंगाळू दिला असता, मागे व्हायोलिन वाजवलं असतं, तर कुणाच्याच नजरेतून तो सुटला नसता आणि सगळे एकदम, एकसारखे हळहळले असते. त्यांनी ते टाळलं. दुःख पाहायचं असेल त्यानं पाहावं, ही मोकळीक ठेवली. प्रेक्षकावर एवढा विश्वास टाकणारे दिग्दर्शक मला फार थोडे आठवतात.

असाच एक काप डेझीच्या फुलांचा आहे. हॅरल्ड म्हणतो, मला यांतलं एक व्हायला आवडेल, सगळी सारखीच असतात. मॉड त्याला फुलांमधले फरक दाखवते, कुणी बुटकं, कुणी डावीकडे झुकलेलं, कुणाच्या पाकळ्या गळालेल्या. जगातलं बरंचसं दुःख त्यांच्याचमुळे येतं, जे वेगळे असूनही आपल्याला सारखं मानू देतात, असं ती सांगते. आणि लगेच दोघं सैनिकांच्या दफनभूमीत बसलेली दिसतात. कॅमेरा मागे मागे जातो. पांढरे, एका उंचीचे, एका अंतरावरचे दगड संपता संपत नाहीत. हसणाऱ्या खोलीत मी या जागी कधीही हसू ऐकलेलं नाही.

उतरलेला हा सिनेमा परत आला तो प्रेक्षकांच्या बळावर. मिनियापोलिसजवळच्या एडायना या गावात वेस्टगेट नावाचं थिएटर होतं. तिथे तो १९७२ पासून दोन वर्षांहून अधिक काळ चालला. अखेर आसपासचे रहिवासी फलक घेऊन थिएटरबाहेर उभे राहिले, आता दुसरा सिनेमा लावा म्हणून! रूथ गॉर्डन आणि बड कोर्ट तिथल्या प्रेक्षकांना भेटायला गेले होते. पॅरिसमध्ये जाँ-क्लोद कारिएर यांनी त्याचं नाटक केलं, ज्यांनी पुढे पीटर ब्रुक यांच्यासाठी महाभारत लिहिलं तेच कारिएर. पटकथाकार कॉलिन हिगिन्स यांनी ही गोष्ट विद्यार्थिदशेत लिहिली होती. ते आणि अ‍ॅश्बी दोघेही १९८८ मध्ये गेले. १९९७ मध्ये सिनेमा अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत आला, तो त्यांच्या माघारी.

एडायनातले लोक पुन्हा पुन्हा का जात असतील, हे मला समजतं. आकडा ठाऊक झाल्यावर पहिल्या गळफासापासून सगळंच निराळं दिसू लागतं. हसू तेच असतं, पण ते येण्याच्या जागा सरकतात.

शेवटी मॉड जाते. पाऊस पडत असतो. हॅरल्ड, आईनं घेऊन दिलेली आणि त्यानं शववाहिकेसारखी करून टाकलेली जॅग्वार बेभान हाकत सुटतो. गाडी कड्यावरून कोसळते, आणि वर कड्यावर तो उभा असतो, मॉडनं दिलेला बँजो छेडत, नाचत पाठमोरा निघून जाणारा. लोक इथे सुटकेचा श्वास टाकतात, काही टाळ्या वाजवतात. मावशी टाळ्या वाजवून थांबली आणि म्हणाली, “गाडी खाली पडलीय. आता पोलीस पुन्हा त्या बाईच्या दारात जाणार. तो घरी फोन करेल ना गं?”

आम्ही त्यावर बराच वेळ भांडलो. माझा भाचा म्हणाला, नाही करणार, सुटलाय तो आता. मी म्हणाले, करेल. मॉडच्या सहवासात राहिलेला मुलगा आईला दुसऱ्यांदा त्या दारात उभी करणार नाही. मावशीला दोघांचंही पटलं नाही. तिचं म्हणणं, फोन नको, त्यानं स्वतःच जावं, आणि आठच्या आत.