वैलावरचं जेवण

आमच्या घरातल्या चुलीला दोन तोंडं होती. पुढच्या तोंडावर भाकऱ्या, दूध, चहाचं आधण. ज्याला ज्याला घाई, ते तिथे. मागे वैल. त्याला वेगळं जळण कधी मिळालं नाही. पुढच्या जाळातून जी धग उरेल, तिच्यावर त्याने भागवायचं. थोरल्या जावेच्या मागे उभ्या धाकटीसारखा तो गप्प असायचा, आणि निम्म्या घराचं जेवण तोच शिजवायचा.

वैलावर काय नसायचं? वरणाची डाळ असायची. मटकी असायची. अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या असायच्या, त्या फुलून भाजीत पार मिसळून जाईपर्यंत. आजाऱ्यासाठी गुरगुट्या भात असायचा, आणि त्यावर मेतकूट पडणार म्हटलं की घरात आजारी पडू इच्छिणारे बरेच निघायचे. हुलगे तर वैलाचेच. रात्री भिजत घालायचे, सकाळी पहिला जाळ झाला की मागे सारायचे आणि विसरून जायचं. दुपारी बोटाने दाबले की फुटायचे. त्यांचं वरचं पाणी म्हणजे कळण. लसूण-जिरं ठेचून लावलं की वाट्या पुढे यायच्या. खाली उरलेल्या हुलग्यांची उसळ. एका मडक्यात दोन पदार्थ आणि लाकूड मात्र भाकरीच्याच हिशेबातलं.

मडकं चढवण्याआधी त्याच्या बुडाला राखेचा लेप द्यायचा, म्हणजे घासणारीचे हात वाचतात. आणि झाकणावर पाणी ठेवायचं. हे झाकणावरचं पाणी आठवतंय ना? खोलगट ताटलीत पाणी ओतून ती भाजीवर ठेवायची. आतली वाफ ताटलीला लागून परत भाजीत उतरायची, म्हणून भाजी बुडाला धरत नसे आणि तेलाची गरजच कमी पडे. पाणी आटलंच, तर त्या ताटलीतलं गरम पाणी आत सोडायचं. गार पाणी ओतणाऱ्या सुनेचं नाव आळीभर व्हायचं. झाकण उघडून सारखं बघणाऱ्या पोराला पळीचा प्रसाद मिळायचा. आणि चिंच, आमसूल डाळ शिजल्यावरच घालायचं. आधी आंबट पडलं की डाळ हट्टाला पेटते, मग कितीही जाळ घाला.

तेलाचं म्हणाल तर गोडंतेल बरणीत असायचं आणि बरणी आजीच्या नजरेत. फोडणीसाठी लोखंडी पळीत चमचाभर तेल, त्यात मोहरी, हिंग, कढीपत्ता आणि ती पळी तशीच तापलेली आमटीत बुडवायची. चर्र आवाज शेजारच्या घरापर्यंत जायचा, तेल मात्र आमच्यापर्यंत जेमतेम यायचं. पाहुणे आले की आमटीवर तवंग दिसायचा. पाहुणे गेले की आमटी पुन्हा सोवळी. आज डॉक्टर जे कागदावर लिहून देतात, तेच आम्ही जेवत होतो. प्रकृतीसाठी नव्हे, तेल महाग होतं म्हणून.

शहरात बिऱ्हाडं झाली, चुली गेल्या, पण वैलाची अक्कल गेली नाही. भुशाच्या शेगडीवर ती राहायला आली. वखारीतून लाकडाचा भुसा पोत्याने यायचा. शेगडीच्या मधोमध बाटली उभी धरायची, भोवती भुसा ठासून ठासून भरायचा, मग श्वास रोखून बाटली अलगद वर काढायची. भुसा ढासळला तर पुन्हा पहिल्यापासून, आणि तो ढासळायचाच. एकदा खालून पेटली की ती शेगडी तासन् तास आपल्याशीच धुमसत राही. तिच्यावर आंघोळीचं पाणी व्हायचं, मग डाळ, मग वाल, आणि शेवटच्या उबेवर उद्याचं दूध.

खोली घेऊन राहणाऱ्या एकट्या पुरुषांकडे इकमिक कुकर असायचा. कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिकांनी तो १९१० च्या सुमारास काढला. खाली थोडे निखारे, वर एकावर एक डबे. भात, डाळ, भाजी लावून माणूस कामाला निघून जाई. १९५९ नंतर आपल्याकडे प्रेशर कुकर घरोघर शिरू लागले आणि स्वयंपाक शिट्ट्यांवर मोजायला लागला. त्याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. चुलीच्या धुराने आमच्या आज्यांचे डोळे गेले, खोकले जडले. वैलाची आठवण काढताना तो धूर वगळून चालत नाही.

आता पुतणी न्यू जर्सीत आहे आणि तिच्या ओट्यावर स्लो कुकर आहे. त्याचीही मजा आहे. आयर्विंग नॅक्सन नावाच्या गृहस्थाला तिथे १९४० मध्ये पेटंट मिळालं. १९७१ मध्ये ते भांडं क्रॉक-पॉट नावाने बाजारात आलं. त्याची आई लिथुआनियातल्या ज्यू वस्तीची गोष्ट सांगायची. शब्बाथच्या दिवशी चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी घेवड्याच्या कालवणाची भांडी गावातल्या बेकरीत नेऊन ठेवायची. पाव भाजून झालेल्या भट्टीच्या विझत्या उबेवर ती रात्रभर शिजायची. म्हणजे वैलच की! आमच्या काकूंनी हे ऐकून मान डोलावली आणि विचारलं, हिंग घालत होते का.

पुतणीच्या तक्रारी फोनवरून यायच्या. आमटी पांचट होते, बटाटे कडक राहतात. काकूंनी यंत्र पाहिलेलं नाही, पण उत्तरं तयार. त्यातली वाफ बाहेर जात नाही ना, मग पाणी कमी घाल. वाटीभर मूगडाळीला चार वाट्या पुरे. बटाटा-गाजर बुडाशी, पालक शेवटच्या अर्ध्या तासात. टोमॅटो डाळ मऊ झाल्यावर. उठून सारखं झाकण उघडू नकोस. एक गोष्ट मात्र पुतणीनेच काकूंना शिकवली. भिजवलेला राजमा नुसताच त्यात लावायचा नाही. भिजवणीचं पाणी टाकून, ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळायचा आणि मगच कुकरात घालायचा, कारण कच्च्या राजम्यातलं विष मंद उष्णतेला जात नाही. काकू म्हणाल्या, आमच्याकडे राजमा होताच कुठे.

सध्या दोघींचं फोडणीवरून वाजतं. पुतणी म्हणते, सकाळी सगळं एकदम घालते, मोहरीसुद्धा, तेल अजिबात नको. काकूंना कच्ची मोहरी ही कल्पनाच सोसत नाही. चमचाभर तेल घे, पण वरून दे, चर्र झालं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. परवा पुतणीने कळवलं की फोडणीला तिच्या घरातला धुराचा अलार्म वाजतो. काकू म्हणाल्या, मग खिडकी उघड.